बिनरंगी तालीम

फ्रेम रंगायला पाठवण्याआधी अख्खी मोटारसायकल एकदा जोडायची. पुढच्या दिव्यापासून नंबरप्लेटपर्यंत सगळी. मग शेवटच्या वायसरपर्यंत सोडून टाकायची, रंग करून आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून जोडायची. हा क्रम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गॅरेजवाल्याने बिल फुगवायला काढलेली युक्ती वाटते. आमच्या घरी तसंच वाटलं. "एकदा जोडली ना? मग सोडता कशाला?" या वडिलांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही आणि वडिलांना ते ऐकण्यात रस उरलेला नाही.

गाडी मनासारखी करून घ्यायची म्हणणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतो तो रंग. मेस्त्रींकडे येणारी पोरं मोबाइल पुढे करतात: टाकी अशी हवी, फ्रेम या रंगाची, वर ही सोनेरी रेघ. मेस्त्री फोटो मन लावून बघतात, "छान हाय" म्हणतात आणि विचारतात, "किक मारताना सायलेन्सर मधी येणार. मग पाय कुठनं काढायचा?" पोरगं गप्प होतं. फोटोतल्या गाडीला कोणी किक मारत नसतं. ती उभी असते, तिचं हँडल सरळ असतं, शॉकअप दबलेले नसतात, वर माणूस नसतो. ज्या गाडीला कधी वळायचंच नाही ती कशीही दिसू शकते.

आमचे मेस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. शेतीला पाणी ओढणारी ऑइल इंजिनं इथे घडली, फाउंड्र्या इथे चालल्या आणि वस्तू बघून तशी वस्तू करायची सवय या गल्ल्यांच्या अंगवळणी पडली. याच गावात १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी दामल्यांना सोबत घेऊन सिनेमाचा कॅमेरा घडवला होता. बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. पेंटर हे कामावरून पडलेलं. एकाच माणसात दोघं सुखाने नांदले. आमच्या मेस्त्रींना हे फारसं पटत नाही. त्यांच्या मते पेंटरने मेस्त्रीच्या कामात हात घालू नये, मेस्त्रीने पेंटरच्या कामात नाक खुपसू नये, आणि दोघांनी एकमेकांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. या तीन अटी एकाच वेळी कशा पाळायच्या, हे त्यांच्या गॅरेजात बसून बघण्यासारखं आहे.

माझी गाडी म्हणजे जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरची बुलेट ३५०. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९०. लांब धावेचं हे इंजिन घाईने बोलत नाही. आराखडा इंग्लंडातल्या रेडिचचा. मद्रासला १९५५ मध्ये जुळणी सुरू झाली, आणि रेडिचला ती बनायची बंद झाल्यावरही मद्रासला बनतच राहिली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हे सगळ्यांना माहीत असतं. जोडणाऱ्याला कळायला हवी ती या गाडीच्या सांगाड्याची एक खोड. पुढून खाली उतरणारी नळी इंजिनापाशी येऊन संपते. खालून इंजिनाला कवेत घेणारी नळी या फ्रेमला नाहीच. इंजिन आणि त्याच्या पाठीला बोल्टने जखडलेला गिअरबॉक्स हाच सांगाड्याचा खालचा भाग. इंजिन काढलं की फ्रेम खालून उघडी पडते. वेल्डिंगचा टाका थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचं लोखंड स्वतःकडे ओढतो; उघड्या फ्रेमला ही ओढ लागली तर बोल्टची भोकं समोरासमोर यायची थांबतात.

म्हणून या पहिल्या, तालमीच्या जोडणीत मेस्त्री फ्रेममध्ये रिकामं इंजिन बसवतात. भंगारातली क्रँककेस, आत क्रँक नाही, वर पिस्टन नाही, एका हाताने उचलता येते. सगळे बोल्ट मात्र खरे आणि पूर्ण आवळलेले. बाहेरून बघणाऱ्याला इंजिन दिसतं, फ्रेमलाही ते इंजिनच वाटतं, आणि खरं इंजिन तिकडे फळीवर गोणपाट पांघरून ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून सुरक्षित पडलेलं असतं.

तालमीत काय काय ठरतं, याची यादी करायला गेलो तर वाचणारा कंटाळेल. तरी दोन-तीन गोष्टी सांगतोच, कारण माझा जीव तिथे रमला.

मागचं मडगार्ड. टायरच्या जवळ बसलेलं मडगार्ड दिसायला देखणं. पण किती जवळ? गाडी उभी असताना चार बोटं अंतर दिसतं, आणि दोन माणसं बसून खड्ड्यात गेली की तेच मडगार्ड टायरला चाटतं. मेस्त्रींनी दोन्ही शॉकअप काढले, त्यांच्या आतल्या स्प्रिंगा वेगळ्या केल्या आणि नुसत्या नळ्या परत लावल्या. आता मागचं चाक हाताने उचललं की तळापासून पार वरपर्यंत जात होतं. सगळ्यात वरच्या जागी त्याला लाकडाचा ठोकळा लावून धरलं, टायर आणि मडगार्डच्या मध्ये जाड रबराची पट्टी ठेवली, आणि त्या अवस्थेत मडगार्डचे कान फ्रेमला टाक्याने धरले. मग चाक खाली सोडलं. मडगार्ड वर राहिलं, चाक खाली आलं, मधली जागा मोठी वाटायला लागली. मला ती जागा खुपली. मेस्त्री म्हणाले, "तुम्ही उभ्या गाडीकडं बघताय, दादा. मी पळत्या."

चेनचंही तसंच. चेन सैल किती ठेवायची हे गाडी उभी असताना कळत नाही. मागचं चाक धरणारा चिमटा वर-खाली होतो तशी चेन कमी-जास्त ताणली जाते, आणि सर्वांत जास्त ताण येतो तो गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की. तेव्हा चाक त्या रेषेत आणून तिथे चेनला थोडी सैल ठेवायची आणि मगच चाक खाली घेऊन ती किती लोंबते ते खडूने लिहून ठेवायचं. मी मागे मूळच्यापेक्षा रुंद टायर घ्यायचा हट्ट धरला होता, त्यामुळे चेन टायरच्या भिंतीला किती घासून जाते हा आणखी एक प्रश्न उभा राहिला. सुताचा दोरा दोन्ही चाकांच्या बाजूने ताणून धरला. रुंद मागच्या टायरला तो टेकतो आणि पुढच्या अरुंद टायरपाशी फट राहते; ती फट डावी-उजवी सारखी हवी. ती सारखी करायला एक बुश लेथवर दोनदा उतरवून आणावा लागला. लेथवाला दुसऱ्या खेपेला काही बोलला नाही, फक्त बघितलं.

बुलेटच्या पुढच्या दिव्याचं घर म्हणजे एक संसारच. दिवा त्यात, अँमीटर त्यात, वर दोन छोटे डोळे, आणि फॉर्कच्या नळ्यांची वरची टोकंही त्यातच अडकलेली. मला ते काढून साधा गोल दिवा लावायचा होता. दिसायला एक वस्तू काढायची, प्रत्यक्षात तिच्या पोटातल्या सगळ्यांना नवी घरं शोधायची. फॉर्कची वरची टी वेगळी करून घ्यावी लागली. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, उजवीकडे पूर्ण वळवलं. टाकीला लागतंय का? क्लचची केबल ताणली जाते का? अंगठा टाकी आणि हँडलच्या मध्ये चेमटतो का? हा शेवटचा प्रश्न मेस्त्री प्रत्येक गाडीला विचारतात, स्वतःचा अंगठा घालून.

प्रत्येक उत्तर फ्रेमवर एक छोटी खूण सोडत जातं. इथे केबल धरणारा आकडा, तिथे कॉइलची पट्टी, सीटखाली बॅटरीच्या डब्याचे कान. सुरुवातीला सगळं नुसत्या टाक्यांवर उभं असतं. दोन ठिपके वेल्डिंगचे, हातोडीच्या एका ठोक्याने सुटतील असे. ही तात्पुरती अवस्था मला सर्वांत आवडली. मत बदलायला मुभा असते. बॅटरीचा डबा आधी उजवीकडे होता, मग मध्ये आला, मग पुन्हा थोडा उजवीकडे सरकला. कानस मारली, भोक लांबट केलं, पट्टी वाकवून बघितली, फेकून दिली, दुसरी कापली. लोखंड नंगं असेपर्यंत त्याच्याशी वाद घालता येतो. रंग चढला की हा हक्क संपतो. नंतर एक भोक पाडायचं म्हटलं तरी ड्रिलखाली रंगाचे पापुद्रे उडतात आणि भोकाच्या कडेने गंज आत सरकायला लागतो. लोक समजतात रंग म्हणजे सजावट. माझ्या लेखी तो निकाल आहे, आणि निकालाआधी सुनावणी पुरेशी व्हायला हवी.

टाके पक्के करायचं काम आर्गनवाल्याचं. त्याच्याकडून शिकलेली एक गोष्ट नमूद करतो, कारण घाईची गॅरेजं ती करत नाहीत. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा चिमटा जिथे टाका मारायचा त्याच्या अगदी जवळ लावायचा. दुसऱ्या टोकाला, चाकाच्या अ‍ॅक्सलला वगैरे लावला तर सगळा करंट मधल्या बेअरिंगांतून जातो, गोळ्यांवर बारीक चट्टे पडतात, आणि महिन्यांनी हँडल कुठेतरी अडखळल्यासारखं वाटायला लागतं. तेव्हा कोणाला आठवतं की सीटखाली कधी एक पट्टी जोडली होती?

वेल्डिंग पुरं झाल्यावर रिकामी क्रँककेस निघाली, खरं इंजिन बसलं, आणि गाडी बिनरंगी अवस्थेत चालू केली. सगळे मेस्त्री हे करत नाहीत. आमचे करतात, कारण एका सिलिंडरचं इंजिन स्वतःच्या मेहनतीने अख्खी गाडी हलवतं आणि कमजोर पट्टी त्या थरथरीत तुटते. तुटायची तर आत्ता तुटू दे. हॉर्नच्या पट्टीला मुळाशी तडा गेलाच. तिला मागून तिकोनी आधार दिला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या त्या खेपांमध्ये गाडी जशी दिसत होती तशी नंतर कधीच दिसली नाही. टाकी करड्या प्रायमरची, मडगार्ड नुसता पत्रा, फ्रेमवर कुठे जुना काळा रंग, कुठे ग्राइंडरने उजळलेलं लोखंड, टाक्यांभोवती निळ्या-जांभळ्या झाका, आणि सगळीकडे मेस्त्रींची खडूची अक्षरं: "३ सूत", "इथून केबल", "काढणे". शेजारच्या दुकानातले काका रोज विचारायचे, "कधी पुरी व्हायची?" मला वाटायचं, झालीय की.

अशीच ठेवावी, हा मोह येतो. जपानमधून कॅलिफोर्नियात गेलेल्या शिन्या किमुरांच्या गाड्या बघितल्या की तो बळावतो. हातोडीच्या खुणा, घासलेला पत्रा, उघडं लोखंड हेच तिथे रूप असतं. पण कॅलिफोर्नियाची ती हवा आणि कोल्हापूरचा जुलै यांची गाठ घालून चालत नाही. इथे घासून उजळ केलेली नळी रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तिच्यावर केशरी पावडर धरलेली असते. रंग हवाच.

आणि कॅलिफोर्नियाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट. १९६९ चा 'ईझी रायडर' ज्यांनी बघितला नाही त्यांनाही त्यातली लांब फॉर्कची, टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेली चॉपर माहीत असते. जगभर तिच्या नकला निघाल्या. ती घडवण्यामागे क्लिफर्ड वॉझ आणि बेन हार्डी हे दोघे कृष्णवर्णीय होते, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. किती तरी वर्षं कोणाला ठाऊक नव्हती. झेंडा मात्र सगळ्यांना दिसला. वर दिसतं ते लक्षात राहतं, ही फक्त मोटारसायकलींची रीत नाही, पण मोटारसायकलींत ती फार ढळढळीत दिसते.

आपल्याकडे कायद्याचंही भान ठेवावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील आणि मूळ उत्पादकाने ठरवलेलं यांत फरक पडेल असे बदल करायचे नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. म्हणून मुंडीचा, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं त्या नळीचा, कोन बदलणं, फ्रेम कापून लांबवणं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन ठोकणं हे आमच्या मेस्त्रींकडे होत नाही. पोरं नाराज होतात. मला मात्र या मर्यादेत काम करणं जास्त अवघड आणि म्हणून जास्त रंजक वाटतं. लांब फॉर्क लावून कोणीही वेगळं दिसू शकतं. मूळ सांगाडा तसाच ठेवून गाडी आपली वाटायला लावणं याला डोकं लागतं. नोंदणीपत्रावरचा रंग मात्र बदलून घ्यावा लागतो, तो घेतला. तो कोणता हे इथे मुद्दाम सांगत नाही. भेटणारा प्रत्येक माणूस पहिलं तेच विचारतो.

मग सोडणं. हे उलट्या क्रमाने करायचं काम नाही, ते नोंदी ठेवायचं काम आहे. प्रत्येक सांध्याचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि सोडण्याआधी फोटो. वायर कुठून वळली, वायसर आतून होता की बाहेरून, केबल फॉर्कच्या पुढून की मागून. जुन्या बुलेटचे आटे म्हणजे स्वतंत्र प्रकरण. इंग्लंडहून आलेले बारीक आटे, नंतरच्या काळातले मेट्रिक, आणि मधल्या मालकांनी जबरदस्तीने बसवलेले भलतेच. दिसायला सारखे दोन बोल्ट एकमेकांच्या जागी अर्धा वेढा जातात आणि मग आटे खातात. मेस्त्री डोळे मिटून बोटांत फिरवून ओळखतात. मी पिशव्यांवर विसंबलो.

रंगाच्या दोन वाटा. एक पीयू: ब्लास्टिंग, प्रायमर, लांबी, पाण्याचा पेपर, रंग, वर लॅकर. दुसरी पावडर कोटिंग: विजेचा भार दिलेली कोरडी पावडर फ्रेमवर उडवायची, ती चिकटते, मग फ्रेम १८० ते २०० अंशांच्या भट्टीत घालायची, पावडर वितळून एकजीव होते. फ्रेमला मी पावडर घेतली, टाकी-मडगार्डला पीयू. पावडर मार सोसते. पण तिचा एक स्वभाव मला विशेष भावतो: ती लबाडी खपवून घेत नाही. खराब वेल्डिंगवर लांबी भरून ती गुळगुळीत केली असेल तर साधी लांबी त्या भट्टीत टिकत नाही, फुगते, फुटते. पावडरीला जाणारी फ्रेम मुळातच नीट घडलेली लागते.

ब्लास्टिंगबद्दल एक कंस उघडतो. स्वस्त ठिकाणी आजही नदीची वाळू मारतात. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. मारणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून उभा असतो. रुमालाने ती धूळ अडत नाही. ग्रिट आणि बंद खोली असलेलं ठिकाण थोडं लांब पडलं तरी तिथे जावं. मालक म्हणून एवढं तरी आपल्या हातात असतं.

ब्लास्टिंगला जाण्याआधी मुंडीजवळ ठोकलेला चेसिस नंबर झाकून घ्यायचा. ब्लास्टिंगने तो पुसट होतो, जाड थराने भरून जातो, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची पुनर्नोंदणी करताना आरटीओत त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. छाप उमटली नाही तर तुमची गाडी तुमची असल्याचं तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. शिवाय मुंडीच्या आतल्या बेअरिंगच्या जागा, चिमट्याचं भोक, आट्यांची भोकं, इंजिनाच्या प्लेटा जिथे टेकतात ते तोंड, हे सगळं टेपने, बुचांनी बंद करायचं. काय रंगवायचं यापेक्षा काय रंगवायचं नाही याचा कागद मेस्त्रींनी पेंटरला दिला, आणि तो मोठा होता.

कारण रंगाला जाडी असते. हे वाक्य लिहिताना इतकं उघड वाटतं, पण गाडी जोडेपर्यंत मी रंगाला कधी वस्तू मानलं नव्हतं. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. दोन कानांच्या मध्ये एक पट्टी बसते. कानांच्या आतल्या दोन बाजू रंगल्या, पट्टीच्या दोन बाजू रंगल्या, चार थर झाले. प्रत्येकी ८० धरले तरी ३२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तालमीत जे चपखल बसलं होतं ते आता बसणार नाही. मेस्त्रींना हा हिशेब मायक्रॉनमध्ये येत नाही, त्याची गरजही पडली नाही. तालमीच्या वेळी ते प्रत्येक सांध्यात झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या घालून जोडत होते. तो कागद असतो ०.१ मिलिमीटरच्या आसपास. रंगाच्या जागी कागद. तेव्हा मला ती त्यांची लहर वाटली होती.

फ्रेम आली. दुसरी जोडणी सुरू झाली आणि गॅरेजचा आवाज बदलला. पहिल्या वेळी हातोडी, ग्राइंडर, हाका, चहा. आता कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. जमिनीवर जुन्या गाद्या, पान्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, फ्रेमच्या नळ्यांना चिंध्या. घड्याळं, अंगठ्या, पट्ट्याची बकलं काढून ठेवलेली. इंजिन फ्रेममध्ये चढवलंच नाही. इंजिन गादीवर आडवं झोपवलं आणि दोघांनी फ्रेम उचलून त्याच्यावर हलकेच उतरवली. जड वस्तू स्थिर आणि हलकी वस्तू हलती, म्हणजे ओरखड्याची भीती अर्धी.

मुंडीत आधी वाट्या बसल्या, मग ग्रीस, आणि ग्रीसमध्ये एकेक छर्रा. आट्यांच्या भोकांतून टॅप फिरवून चुकून शिरलेली पावडर काढली. प्रत्येक बोल्ट आधी हाताने, जाईल तितका, मगच पाना. इथे पहिल्या जोडणीची किंमत कळते. कुठला बोल्ट आधी घातला तर दुसरा जातच नाही, कुठली केबल टाकीच्या आधी ओवायला हवी, बॅटरीचा डबा किती तिरका करून आत सरकतो, हे कोणी आठवून सांगत नव्हतं. हातांना माहीत होतं. तालमीत जे चार वेळा करून बघितलं ते आता एकदाच करायचं होतं. मला या दुसऱ्या जोडणीत फार काही करण्यासारखं नव्हतं. मी पिशव्या देत होतो.

एक वाद मात्र झाला. ज्या तोंडांवर इंजिनाच्या प्लेटा दाबून बसतात तिथे रंग का नको, असं रंग घेऊन आलेल्या पेंटरने विचारलं. उघडी दिसतील, गंजतील. मेस्त्री म्हणाले, "रंग दबतो. दबला की बोल्ट सैल. सैल झाला की समदं कुरकुरायला लागतंय." त्यांचं बरोबर आहे. जाड थर बोल्टच्या दाबाखाली हळूहळू पसरतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. पेंटर म्हणाला, मग पातळ प्रायमरचा हात तरी मारू. मारला. दोघांनी एकमेकांना विचारून केलं, म्हणजे तिसरी अट पाळली गेली.

आणि वीज. बॅटरीची एक बाजू फ्रेमला जोडलेली असते. करंट वायरने दिव्यापर्यंत जातो आणि लोखंडातून परत येतो. पावडर वीज अडवते. जुन्या, गंजक्या, ओरखडलेल्या गाडीत सगळे दिवे लागत होते आणि नव्या कोऱ्या गाडीत एकही लागत नाही, असं चित्र उद्यमनगरात अधूनमधून दिसतं, आणि मालक बिचारा बल्ब बदलत बसतो. मेस्त्री बोल्टखालची जागा रुपयाच्या नाण्याएवढी खरवडून काढणाऱ्यांतले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, खरवडू नका, प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर टाका. पुढच्या भागात त्याचं ऐकलं, मागच्या भागात मेस्त्रींचं. हे तत्त्वाने झालं नाही, वायर संपली म्हणून झालं.

तालमीच्या वेळी काढलेले ते फोटो मी मोबाइलमधून पुसलेले नाहीत. पाहुण्यांना दाखवण्यासारखे नाहीत. गंज, खडू, मेस्त्रींचा अंगठा. पण गाडीचं काही दुखलं की मी आधी तेच उघडतो. गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटात मागचा दिवा मंद व्हायला लागला. ब्रेक दाबला की पुरता विझायचा. धुकं उतरत होतं आणि मागून ट्रक येत होते. गाडी कडेला घेतली, फोटो उघडले, आणि सीटच्या मागच्या पट्टीवर, आता जिथे नुसता सलग रंग दिसतो तिथे, खडूने लिहिलेलं सापडलं: "अर्थ". त्याच्यावरचा बोल्ट सोडला. खालची खरवडलेली जागा हिरवट-तपकिरी झाली होती. चाकूच्या पात्याने घासली, बोल्ट आवळला, दिवा नीट लागला. मेस्त्रींना फोन करून सांगितलं, म्हटलं, तुमच्या अक्षरानं सापडलं.

"व्हॅसलीन लावलं का?"

नव्हतं.

"मग उद्या परत जाणार तो. साखरप्याला कुठलंबी मेडिकल गाठा आणि लावा. आणि पुढच्या महिन्यात गाडी आणा, वायर टाकू."